कॉलरवरची मोहरी

ब्रेमेनच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर एक उंच तरुण काळी टोपी घालून झाडू मारत होता, आणि त्याचे मित्र वरून मुद्दाम बाटल्यांची झाकणं ओतत होते. वीबके सायकल धरून थांबली. तिसाव्या वाढदिवसालाही लग्न न झालेल्या मुलांचं त्या गावात हेच होतं... एखाद्या अविवाहित मुलीनं पापा घेईपर्यंत झाडायचं.

"कधीपासून झाडताय?"

"सकाळपासून. कष्टांची सवय आहे," हेनिंग म्हणाला. "विमानात सामान चढवण्यापासून सुरुवात केली मी. आता कंपनीची वेळापत्रकं बनवतो."

"आणि स्वतःला मात्र इतका उशीर?"

तो हसला. तेवढ्यात पायाशी आणखी झाकणं पडली. ओतणाऱ्या मित्रालाही तो मनापासून 'धन्यवाद' म्हणाला. वीबकेनं सायकल भिंतीला लावली आणि त्याच्या घामेजल्या गालावर हलकेच ओठ टेकले.

मग दर शनिवारी दोघं नदीकाठी फिरू लागली. पुढे हेनिंगला बढती मिळाली, फ्रँकफर्टच्या मुख्य कचेरीत. शनिवार एकेक करून गळू लागले. मनातलं कुणीच बोललं नाही — आणि वीबके तीस वर्षांची झाली.

तिशीतही लग्न न झालेल्या मुलींना, एखादा मुलगा पापा घेईपर्यंत, चर्चच्या दारांच्या मुठी घासाव्या लागतात. मैत्रिणीनं, आन्त्येनं, मुठींना मोहरीचा सॉस फासला आणि वीबकेच्या हातात दात घासायचा ब्रश दिला.

"तुझे साहेब येणार नाहीत वाटतं?"

"आज त्याला संचालक करायची बैठक आहे. मी ये म्हटलंच नाही."

"मग मासेवाल्या योहानला बोलावू? केव्हाचा उभाय बिचारा."

"गप गं." मूठ लखलखली, तरी वीबके घासतच राहिली.

"इथे थोडं राहिलंय," मागून आवाज आला.

निळ्या सुटात हेनिंग उभा होता.

"अरे, बैठक?"

"दुपारी ठेवली. अध्यक्षांना म्हटलं, जिनं मला त्या पायऱ्यांवरून सोडवलं, ती आज अडकलीय. तेही इथलेच. म्हणाले, त्या पायऱ्या मीही झाडल्यात. पहिलं विमान पकड."

"म्हणजे उपकार फेडायला आलास?"

"ते कसले फिटतायत... रोज आभार मानू देशील का, एवढंच विचारायचं होतं."

वीबकेनं ब्रश खाली टाकला. सॉसनं माखलेल्या हातांनी तिनं त्याची कॉलर धरली आणि त्याला जवळ ओढलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"झालो संचालक."

"अभिनंदन. कुणी काही बोललं?"

"सगळे कॉलरवरच्या डागाकडेच बघत होते. अध्यक्ष तेवढे म्हणाले, मोहरी आपल्या गावची दिसते... लग्न कधी?"

"मग तू?"

"म्हटलं, तिला विचारून सांगतो."

वीबकेच्या बोटांना अजून मोहरीचा वास होता. न पाहिलेल्या त्या अध्यक्षांचे, आन्त्येचे, अगदी पायऱ्यांचेही तिनं मनोमन आभार मानले.

"विचार मग," ती म्हणाली.