हवेच्या टाकीतलं पाणी

१७ एप्रिल २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. पाणी सहा लिटर. चांगदेव फराटे यांनी आकडा वहीत उतरवला. शिरूरजवळच्या त्या कारखान्यात दाबाची हवा साठवणाऱ्या टाकीच्या तळाशी हवेतल्या ओलाव्याचं पाणी रोज जमे. तळाचा कॉक उघडून ते वीस लिटरच्या बादलीत मोजायचं, ही चांगदेवांची तीस वर्षांची शिस्त.

आज कॉम्प्रेसर बंद होता, काट्यावर दाब शून्य. टाकी आतून तपासायला उतरत होता भारत. दौंडहून येणारा फिटर, आणि चांगदेवांच्या बहिणीचा, रतनबाईचा, एकुलता एक मुलगा.

"कारखान्याच्या डाक्टर हर्षदा मॅडम म्हनल्या, उन्हाळा हाय, पानी पीत जावा. सत्तर किलोच्या मानसात बेचाळीस लिटर पानी असतंय." मॅनहोलमध्ये पाय घालत भारत हसला. "माझं वजन बरोबर सत्तर. मोजता का, मामा?"

"बडबड पुरे. दर मिनिटाला पाना ठोक."

"व्हय. आन् आईला सांगू नका, दौंडातनं पळत येईल."

आतून ठोका आला, की बाहेरच्याने उलट ठोका द्यायचा. ठोका आला म्हणजे माणूस सुखरूप.

चौथ्या ठोक्यानंतर उघड्या कॉकमधून खालच्या रिकाम्या बादलीत धार लागली.

"भारत, आत पाणी आहे का रे?"

"कोरडं ठनठनीत हाय, मामा."

धार वाढली. त्यात ना तेलाचा तवंग, ना गंज. चांगदेवांनी धारेखाली बोट धरलं. पाणी अंगाएवढं कोमट होतं, आणि बोटावर वाळलं तिथे मिठाची पांढरी रेघ उमटली.

त्याच क्षणी भाच्याला बाहेर बोलवायला हवं होतं. पण अर्धवट मोजमाप त्यांनी जन्मात सोडलं नव्हतं. शिवाय ठोके वेळेवर येत होते. त्यांनी दुसरी बादली सरकवली. मग तिसरी.

तिसरीच्या तळाशी दोन लिटर जमले आणि धार एकाएकी थांबली.

ठोका आला.

"भारत, बाहेर ये."



त्यांनी मॅनहोलमधून बॅटरीचा झोत टाकला. कोरड्या पत्र्यावर बूट होते, नाड्या बांधलेल्या. कपडे होते, गुंड्या लावलेल्या. शेजारी पाना पडला होता.

मिनिट भरलं. ठोका आला.

पाना हलला नव्हता.

चांगदेवांचा हात सवयीने वर गेला आणि त्यांनी उलट ठोका दिला. मग वही ओढून, सकाळच्या सहाखाली त्यांनी नोंद केली : पाणी बेचाळीस लिटर.