आईच्या खोलीची शांतता

खोटं वाटेल तुम्हाला, पण मी गेले होते ते फक्त आवाज नीट येतोय ना, हे बघायला. धाकट्या भावाच्या भयपटाचा पहिला खेळ होता, दुपारचा. आवाजाचं काम माझं. खिसा फाटका, म्हणून सगळं चित्रण आमच्याच घरात केलेलं, आई गेली त्या खोलीत.

आम्हा आवाजवाल्यांत एक पद्धत असते. चित्रण आटोपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. ती मग संवादांखाली अंथरतात. बाकीच्या खोल्यांची घ्यायची मी चक्क विसरले. मग काय, आईच्या खोलीचीच अख्ख्या सिनेमाभर अंथरली.

"ताई, लोक घाबरतील ना गं?" भाऊ दारातच घुटमळत होता. आई गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळा जीव या सिनेमात ओतलेला. तो आपटला असता, तर पोरगं पुन्हा उभं राहिलं नसतं.

"घाबरतील रे, तुझं थोबाड बघूनच," मी म्हटलं.

अंधार झाला. कुठूनतरी बामाचा वास आला, आईच्या खोलीत यायचा तसा. भूत आलं, गेलं, पण एक किंकाळी नाही. मी मागे वळून पाहिलं. अख्खं थिएटर झोपलं होतं. कुणाचं तोंड उघडं, कुणाचं डोकं परक्याच्या खांद्यावर... कशी शांत झोपली होती माणसं!

खेळ सुटल्यावर एक दाढीवाले गृहस्थ भावाजवळ आले. त्याने मान खाली घातली.

"भीती काही वाटली नाही बुवा," ते चाचरत म्हणाले. "पण... मला थोपटत कोण होतं?"

मागची बाई हळूच म्हणाली, "तुम्हालासुद्धा...?"

भाऊ तसाच मागे फिरला. रिकाम्या थिएटरात जाऊन मधल्या रांगेत बसला. "परत लाव, ताई."

मशीनवाला जेवायला गेला होता. मीच लावला. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत त्याची मान कलली. इतक्या महिन्यांनी झोपला माझा राजा! मला रडूच फुटलं.

सिनेमा संपला. दिवे लावून मी त्याला उठवायला गेले. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. रांगेतल्या बाकी सगळ्या मिटलेल्या होत्या. त्याच्या शेजारची तेवढी खाली होती.

मी दिवे पुन्हा मालवले आणि दार हलकेच ओढून घेतलं.