बॅटरीची जागा

आमच्या घरात सोलर कुणी आणला, असं विचारलं तर आजही सगळी बोटं माझ्याकडे वळतात. वळू देत. मीच आणला, १९९७ च्या मे महिन्यात, आणि आणता आणता माझ्या नाकी नऊ आले होते.

आमचं घर जिते स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. पुढचं अर्धं घर म्हणजे गणपतीचा कारखाना. मागच्या अर्ध्यात आम्ही तिघं राहायचो: सासरे कमळाकर, नवरा विशाल आणि मी. मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंगवणं हे काम विशालचं. डोळ्यांची आखणी मात्र मामंजींची. आखणी साधली तर देव समोर बसतो, चुकली तर नुसती रंगवलेली माती. पंचक्रोशीत मामंजींच्या आखणीचं नाव होतं.

आदल्या वर्षी ते नाव डळमळलं. दादरचे शेठ माल न्यायला आले, एक मूर्ती उचलून उन्हात धरली आणि म्हणाले, "कमळाकर, रेघ हलली रे तुझी. पुढच्या वर्षी अशी आली तर मी माल दुसरीकडून घेईन." मामंजी दोन दिवस अर्धंच जेवले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चौदाव्या वर्षापासून हातात ब्रश. तो ब्रश त्यांच्या हातून सुटला तर पुढे ते काय करतील, हे मला दिसत होतं. ओटीवर बसून रस्ता बघतील आणि वर्षभरात संपतील.

माझ्या मते दोष हाताचा नव्हताच. आखणी दारं-खिडक्या लावून करावी लागते, नाहीतर मिठागरांकडून येणारी बारीक धूळ ओल्या रंगावर बसते. त्यामुळे आत भरदिवसाही दिवा लागतो, आणि दुपारी गेलेली लाईट पाचशिवाय तोंड दाखवत नसे. मग पेट्रोमॅक्स. त्याची धग, त्याची घरघर, मामंजींच्या डोळ्यांतून पाणी. उजेड बदला, रेघ सरळ येईल, एवढा साधा हिशेब.

साधा हिशेब लोकांच्या गळी उतरवणं हेच अवघड. विशालला जनरेटर हवा होता. बंद खोलीत धूर कुठून जाणार, असं विचारल्यावर त्यानं तो विषय सोडला. पनवेलच्या डीलरकडे मी चार खेपा घातल्या आणि त्यानं चार वेळा वेगळं सांगितलं. एकदा तर म्हणे, गाडीची बॅटरी जोडू. मी म्हटलं, गाडीची बॅटरी एका दणक्यात ताकद द्यायला असते, रोज हळूहळू रिकामी करायला नसते. तर हसून म्हणतो, "मॅडमना समदंच म्हाईत हाय." माहीत होतं म्हणून तर गेले होते! शेवटी सदतीस वॉटचं पॅनल, रोजच्या वापराला टिकणारी ट्यूब्युलर बॅटरी आणि नऊ-नऊ वॉटचे दोन दिवे, असं ठरलं.

बसवायला अष्टमीहून हासाजी वायरमन आले. अष्टमी म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडे. तिथे उरलेल्या मोजक्या ज्यू घरांपैकी एक त्यांचं. शनिवारी कामाला हात लावणार नाही, एवढं आधीच सांगून टाकलं. बाकी माणूस चोख. कौलांवर पॅनल दक्षिणेला तोंड करून, हवा तेवढा कल देऊन बसवलं. आंब्याची सावली कुठपर्यंत येते ते पाहायला दुपारपर्यंत थांबले. माझ्याशी वाद न घालणारा पहिलाच माणूस भेटला म्हणून मला बरं वाटत होतं. तेवढ्यात बॅटरी कुठे ठेवायची, हा प्रश्न आला.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर मूर्ती, फळ्यांखाली मूर्ती, गर्दीच्या दिवसांत आमच्या पलंगाखालीसुद्धा मूर्ती. मोकळी होती ती एकच जागा. दारातून आत आल्यावर उजवीकडे, लाकडी खांबाला लागून, दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तिथे कुणी काही ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. इतके दिवस ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बाई, ही जागा मोकळी का?" हासाजींनी विचारलं.

"आपल्यासाठीच असेल," मी म्हटलं.

मामंजी पाटावर बसून ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "तिथं नको गो. तिथं काय ठेवत नाय."

"का?"

"नाय ठेवत."

हे असलं उत्तर मी सहावीच्या मुलांकडूनही घेत नाही. बॅटरीला हवा लागते, दिव्याची वायर लांबली की उजेड कमी पडतो, स्वयंपाकघरात पाणी सांडतं, असं सगळं मी समजावलं. मामंजींनी ऐकून घेतलं. बॅटरी खांबाला लागून बसली. जाताना हासाजींनी एकदा मागे वळून त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

शेठची साठ मूर्तींची ऑर्डर होती आणि हातात दहा दिवस. रोज दहा मूर्तींची आखणी धरली होती. पहिल्या दिवशी पांढऱ्या शांत उजेडात मामंजींनी दहा मूर्ती आखल्या. रेघ केसाइतकी बारीक, कुठे हललेली नाही. रात्री मी समाधानानं झोपले.

सकाळी विशालनं हाक मारली. दहाही मूर्ती बाजूला बघत होत्या.

तिरळ्या नव्हत्या. तिरळ्या असत्या तर समजलं असतं. दोन्ही बुबुळं जोडीनं, नीट, एकाच दिशेला. समोर उभ्या माणसाकडे एकही मूर्ती बघत नव्हती. मामंजी जवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. "काल सरळ होते," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "का मलाच तसं दिसलं?"

दुपारपर्यंत शेजारच्या धोंडुबाई येऊन बघून गेल्या. "लायटीनं देवाचं डोळं फिरवलं गो बाय," म्हणाल्या, आणि तेच वाक्य संध्याकाळी तीन घरांतून माझ्याकडे परत आलं. विशालही म्हणाला, पेट्रोमॅक्स बरा होता. माझं डोकं तडकलं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

दुसऱ्या दिवशी दिवा डावीकडून उजवीकडे घेतला. नजरेत फरक नाही. तिसऱ्या दिवशी दिवे बंद ठेवले, खिडकी उघडी टाकली, धूळ बसली तर बसू दे म्हटलं. फरक नाही. त्याच दिवशी दोन मूर्तींची आखणी मी विशालला करायला लावली. त्याही सकाळी तशाच. म्हणजे दोष दिव्याचा नव्हता, मामंजींचाही नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली झाकून ठेवला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी आणखी चिडले.

चौथ्या दिवशी, सुट्टी असूनही, शाळेत जाऊन ओळंबा आणि खडू आणला. पद्धत सोपी होती. चित्रातली नजर आपल्यावर आहे की नाही, हे कुणालाही कळतं. मूर्ती वाळत होती तिथेच ठेवायची, आणि ती आपल्याकडे बघतेय असं वाटेपर्यंत आपण सरकत राहायचं. मी उभी राहून बघितलं, वाकून बघितलं. शेवटी जमिनीवर मांडी घातली आणि पहिल्या दिवसाची पहिली मूर्ती थेट माझ्या डोळ्यांत बघायला लागली. विशालनं माझ्या डोळ्यांपासून ओळंबा सोडला, खडूनं गोल काढला. दुसरी मूर्ती दुसऱ्या फळीवर होती, नजर वेगळ्या कोनात. तिच्यासाठी सरकत गेले तर त्याच गोलात येऊन बसले. तिसरीला तेच. दहाही मूर्तींना तेच.

जमिनीपासून अडीच फूट. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जिथे येतात तिथे.

दुसऱ्या दिवसाच्या मूर्तींचा गोल पहिल्यापासून हातभर पुढे आला. तिसऱ्या दिवसाचा आणखी हातभर पुढे. विशालनं खडू खाली ठेवला. तिन्ही गोल एका रेषेत होते. रेषेचं एक टोक बॅटरीकडे जात होतं. दुसरं मामंजींच्या पाटाकडे.

"मामंजी, त्या जागेवर कोण बसायचं?"

त्यांनी खडूच्या गोलांकडे पाहिलं. "ठावं नाय. माझा बाप म्हणायचा, ती जागा मोकळी ऱ्हाऊ दे, आणि तिला पाठ करून आखणी करू नको. येवढंच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं? तू सांगितलंस, बॅटरीला हवा लागते."



तरीही मी बॅटरी हलवली नाही. हे मला आज लिहितानाही बोचतं. हलवली तर माझं चुकलं असं झालं असतं, आणि तेही कशापुढे, तर एका मोकळ्या जागेपुढे. चौथ्या आणि पाचव्या दिवसाचे गोल त्याच रेषेत, हातभर पुढे पुढे आले. पाचवा गोल पाटापासून वीतभर होता.

सहाव्या दिवशी दुपारी मामंजी शेवटच्या दहा मूर्तींना बसले. दारं बंद, दोन्ही दिवे चालू. मी मागे उभी होते. पहिल्याच मूर्तीवर त्यांचा ब्रश थांबला.

"अनिता, सरक जरा. सावली पडतेय."

मी त्यांच्या मागे चार फुटांवर होते. माझी सावली दाराकडे पडली होती.

मूर्तीच्या चेहऱ्याची डावी बाजू खरंच काळवंडली होती. दिवा आणि मूर्ती यांच्यामध्ये काही नव्हतं. मी हात घालून पाहिला. हाताला गार लागलं.

"विशाल, बॅटरी काढ," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी वायरी उपसल्या. दिवे गेले. ती जड पेटी फरफटत ओटीवर नेली. खांबाजवळची जागा मोकळी झाली. मी खिडकी उघडली.

"सावली गेली का?" मी मामंजींना विचारलं.

"नाय. अजून हाय."

मूर्तीचा डावा गाल अजून काळा होता.

मामंजींनी ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला. "शेठला सांग," ते म्हणाले, "कमळाकरची आखणी संपली."

माझा तोल सुटला. सहा दिवसांचा, चार खेपांचा, धोंडुबाईंचा, सगळा राग एकदम वर आला. मी त्या पाचव्या गोलाशेजारी धपकन जमिनीवर बसले आणि कुणीच नसलेल्या हवेला ओरडून म्हणाले, "बसायचंय ना तुला? मग इकडे माझ्याजवळ ये! जितके दिवस बसायचं तितके बस. पण त्यांच्या उजेडात बसू नकोस!" आणि डाव्या हातानं शेजारची जमीन थोपटली, वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बाकावर जागा दाखवावी तशी.

विशाल माझ्याकडे बघत राहिला.

मामंजींनी वाटीतून ब्रश उचलला. टोक कपड्याला पुसलं.

"गेली," ते म्हणाले.

त्या दहा मूर्ती सकाळीही सरळ बघत होत्या. उरलेल्या पन्नासांचे डोळे मामंजींनी दिवसरात्र बसून पुन्हा आखले. शेठ आले, मूर्ती उन्हात धरून बघितली आणि मामंजींच्या पाठीवर थाप मारली. वर छपराकडे बघून म्हणाले, "सोलरनं काम केलं म्हणायचं!" त्या वेळी वायरी लोंबकळत होत्या आणि बॅटरी ओटीवर तशीच पडली होती. पुढच्या आठवड्यात हासाजी आले आणि बॅटरी स्वयंपाकघरात खिडकीखाली बसवली. खांबाजवळच्या जागेकडे बघून म्हणाले, "बाई, आता इथं सामान ठेवलंत तरी चालेल." का, ते मी विचारलं नाही. हल्ली तिथे आम्ही रंगाचे डबे ठेवतो. काही होत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. स्टाफरूममध्ये माझ्या डाव्या हाताची खुर्ची तेव्हापासून रिकामी असते. मी रागीट आहे, म्हणून कुणी बसत नसेल. एसटीतही लोक उभे राहतात, पण माझ्या शेजारी बसत नाहीत. मी खिडकीकडे सरकून बसते, तरीही.

गणपतीत दुसऱ्या दिवशी मी रोह्याला विशालच्या मावशीकडे, विमलबाईंकडे दर्शनाला गेले. एकटीच. त्यांची मूर्ती आमच्याच कारखान्यातली, शेठच्या मालातून त्यांच्यासाठी मागे ठेवलेली, मामंजींनी पुन्हा आखलेली. दारातून पाहिली तेव्हा नजर अगदी सरळ होती. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मीही बसले. पुन्हा वर बघितलं. नजर माझ्यावर नव्हती. किंचित डावीकडे होती, माझ्याच उंचीला. कोनाचा फरक असेल, असं मी मनाशी म्हटलं.

विमलबाई मोदकांचं ताट घेऊन आल्या. बोलता बोलता एक माझ्या हातावर ठेवला. मग दुसरा उचलला, माझ्या डावीकडे वाकून पुढे केला आणि क्षणभर तशाच थांबल्या, आपण काय करत होतो ते विसरल्यासारख्या. मग सरळ होऊन पुढच्या बाईकडे वळल्या.

त्यांचा हात रिकामा होता. मी सतरंजीवर बघितलं, ताटात बघितलं. खाली काही पडलं नव्हतं.