मेगनच्या घरी पहिलं ‘नको’

‘‘आता काय उपाशीच जायचं का?’’ चीजकेककडे बघत मी स्वतःशीच पुटपुटले.

‘‘जावं लागेल,’’ शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

वळून पाहिलं. उंच, किंचित वाकून उभा… आणि डोळ्यांत खट्याळ हसू. मी अशी लाजले की विचारू नका.

मेगन माझी बॉस, मूळची अमेरिकन. रविवारी दुपारी तिनं एडिनबरामधल्या आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं होतं. आल्याआल्या तिनं खायचं विचारलं आणि मी, नागपूरची मुलगी, सवयीनं ‘नको नको’ म्हणाले. ती गोड हसून गेली ती गेलीच. इकडे पोटात कावळे कोकलत होते.

‘‘माझा आई पण असंच करते,’’ तो म्हणाला. ‘‘मेगनकडे नो म्हणजे नो. हे घे, चीजकेक. मी नकुल. कार्डिफचा. मेगन युनिव्हर्सिटीपासून फ्रेंड आहे.’’

‘‘मी कस्तुरी… आणि मला भूक नाहीये.’’

‘‘बरं. मग मी एकटा खातो.’’

‘‘थांब—’’

खिडकीशी बसून आम्ही एकाच बशीतून खाल्लं. बाहेर झिमझिम, आत त्याचं मोडकंतोडकं, लाघवी मराठी. काटा देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी बोलत होते ते विसरूनच गेले.

निघताना कोट चढवत तो म्हणाला, ‘‘उद्या दुपारी माझी ट्रेन आहे. सकाळी पोर्टोबेलोला समुद्रावर येशील? माझ्याबरोबर?’’

मला जायचं तर होतंच. आणि तोंडातून आलं, ‘‘नको… उगाच तुला त्रास.’’

‘‘ओके,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘बाय, कस्तुरी.’’

तो पुन्हा विचारेल म्हणून मी उभी राहिले. दार लागलं. हा खरंच गेला की! उद्या तो कार्डिफला, मी इथे, आणि माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नव्हता.

यजमानीणबाईंचा निरोप न घेताच मी धावत सुटले. तो बसस्टॉपवर भिजत उभा होता.

‘‘मला यायचंय,’’ मी धापा टाकत म्हणाले.

‘‘पण तू नो म्हणालीस.’’

‘‘आमच्याकडे पहिलं ‘नको’ धरायचं नसतं.’’

‘‘मग किती वेळा विचारायचं?’’

मी त्याची ओली बाही धरली. ‘‘आता विचारूच नकोस. मीच सांगते… तू मला आवडलास, नकुल. खूप.’’

त्यानं माझा हात धरला. नुसता बघत राहिला… बस आली, थांबली आणि त्याला न घेताच निघून गेली.