अरिंजय शब्द मोडतो का?

"जरा सावकाश उलटा की पान, बाई. माझ्या दोन ओळी ऱ्हायल्या!"

नगरहून निघालेल्या एस.टी.त शेजारी बसून हा गृहस्थ चक्क माझं पुस्तक वाचत होता! मी रागानं वळून पाहिलं, तर तो हसला... आणि मेला हसताना फारच छान दिसत होता.

एकाहत्तर सालची गोष्ट. त्याचं नाव सहादेव. नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला, दर शनिवारी शिंगणापूरला शनीला तेल घालायला यायचा. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका, माहेरापासून लांब, एकटी. पुस्तक म्हणजे चार भागांची अद्भुत कादंबरी — उडते घोडे, बोलणारे डोंगर, आणि दिल्या शब्दासाठी जीव टाकणारा सेनापती अरिंजय. कॉलेजात असल्यापासून मी त्याच्यावर भाळले होते. चांगली दोन स्थळं त्याच्यापायी नाकारली, पण हे सांगणार कुणाला?

पहिला भाग मी सहादेवला दिला. मग वाचून झाला की शनिवारी तो पुढचा न्यायला येऊ लागला. आमच्या गावात घरांना दारं नाहीत. आलेल्यानं बाहेरून हाक द्यायची, 'या' म्हटल्यावरच आत यायचं. हा तर 'या' म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसायचा.

"आत या की, मी काही खात नाही तुम्हाला."

"तुमचा अरिंजय आला असता का, बाई?"

"त्याला मी इतक्यांदा बोलावलंही नसतं!"

तो लाजून कानापर्यंत लाल व्हायचा. दर्शनाला दहा मिनिटं, माझ्या उंबऱ्यापाशी दोन तास. उरलेले सहा दिवस घर मला खायला उठायचं.

चौथा भाग न्यायला आला, तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, आधी एक सांगा. अरिंजयनं राजाला शब्द दिलाय, राजकन्येशी लगीन करीन म्हनून. पर जीव त्या वैद्याच्या लेकीवर. शेवटाला... शब्द मोडतो का वो?"

"वाचा की."

"धीर न्हाई हुत. मामानं मला लहानाचं मोठं केलं. त्याच्या भागिरथीशी लगीन करीन, असा शब्द दिलाय मी. तवा तुमी कुठं ठाव्या हुता? लई चांगली हाय वो ती. वाट बघती. आन् मी... हितं येऊन बसतो."

चौथा भाग माझ्याच हातात होता. 'मोडतो' म्हणायचं, पुस्तक हरवलं म्हणून सांगायचं, की झालं! तो माझाच होता. आणि मला तो हवा होता, अगदी हवा होता.

"पाळतो," मी म्हणाले. "अरिंजय शब्द पाळतो."

"आन् ती वैद्याची लेक?"

"तिचं पुढे काही लिहिलेलं नाही."

तो उठला.

"तुमी खोटं बोलला असता, तरी मी इस्वास ठिवला असता."

"ठाऊक आहे... म्हणून तर नाही बोलले."

निघताना आपल्याकडे 'येतो' म्हणतात. त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.

"जातो, मुक्ता."

मी 'बरं' म्हणाले.