मंडळातर्फे स्वागत

"थळच्या टेनिस क्रिकेटला माइकवर तूच असतेस ना? मग बस इथं!"

आयोजक धनेशने मला जवळजवळ खुर्चीत ढकललंच. अलिबागच्या त्या हॉलमध्ये फायटिंग व्हिडिओ गेमची स्पर्धा होती आणि मी फक्त माझ्या मैत्रिणीचा, दिपालीचा, खेळ बघायला आले होते. समालोचकांच्या जोडीतल्या एकाचा घसा बसला होता. दुसरा शेजारीच होता – प्रणय. त्याने हेडफोन माझ्याकडे सरकवला, हसला... आणि मी तो उलटाच घातला.

सेमीफायनल सुरू झाली आणि मी बोलत सुटले. आमच्या मैदानावर समालोचक क्षणभर थांबला तरी लोकांना वाटतं माइक बंद पडला. त्यातच दारातून आमच्या क्रिकेटला बक्षिसं देणारे गुणाजीशेठ आत आले. जिभेची सवय ती!

"आपल्यामध्ये उपस्थित झालेत गुणाजीशेठ, मंडळातर्फे त्यांचं हार्दिक स्वागत!"

नेमका तेव्हाच दिपालीने शेवटचा फटका मारला. ती जिंकली आणि मी त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. अख्खा हॉल हसला.

"आता मला काढणार?" मी माइक झाकून विचारलं.

"गुणाजीशेठ खूश झाले की!" प्रणय म्हणाला. "पण ऐक. फटका सगळ्यांना दिसतो. त्याआधी खेळणारा कशाला घाबरतोय, ते तू सांग. आणि फटका बसला की –"

"की?"

"गप्प. लोकांना ओरडू दे."

"मला गप्प बसता येत नाही."

"ते कळलं. मी तुझ्या कोपराला हात लावला की थांब."

कोपराला! बाई गं. आता खेळात लक्ष कसं लागणार? आणि फायनल बिघडली तर या खुर्चीवर मला पुन्हा कोण बसवणार? त्याच्या शेजारी पुन्हा कधी...

शेवटचा राऊंड. दिपालीसमोर पेणचा एक मुलगा. दोघांपैकी ज्याला पहिला फटका बसेल, तो हरणार.

"जागा मोकळी आहे," मी हळू आवाजात म्हणाले, "तरी हा पुढे येत नाही. दिपाली उडी मारेल आणि आपण तिला हवेतच गाठू, म्हणून थांबलाय. पण दिपालीने ते ओळखलंय. ती उडी मारणारच नाही..."

कोपराला बोटं टेकली. मी थांबले. पडद्यावर दिपाली चालत पुढे गेली, वाकली आणि त्याच्या पायावर लाथ मारली.

हॉल उठून ओरडायला लागला. मी गप्प. प्रणयही गप्प. त्याची बोटं मात्र तिथेच राहिली.

इतक्यात दारात बाबा दिसले, मला न्यायला आलेले. मी चटकन हात ओढून घेतला.

"कोण?" प्रणय कुजबुजला.

"बाबा. बुधाजी नाखवा."

त्याने माइक जवळ ओढला. "आपल्यामध्ये उपस्थित झालेत थळचे बुधाजी नाखवा, मंडळातर्फे त्यांचं हार्दिक स्वागत!"

टाळ्या पडल्या. बाबांनी कॉलर नीट केली. जवळ येऊन माझ्या कानात म्हणाले, "कोनाचा पोर हाय गो यो? बोलतो बरा." आणि स्कूटर चालू करायला बाहेर गेले.

प्रणयने हेडफोन काढला. "पुढची स्पर्धा श्रीवर्धनला आहे. शेजारी बसशील? म्हणजे... समालोचनासाठीच नाही. तू आवडलीस मला. आता तू म्हणशील, एका दिवसात कसं? आणि बाबांना काय वाटेल? तसा मी –"

घाबरला होता बिचारा. मी त्याच्या कोपराला हात लावला.

तो थांबला.

"बसेन," मी म्हटलं.