रेवडीची लस

हिनकलच्या सोसायटीत रविवारी सकाळी कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर होतं आणि तिकडे फिरकायचंच नाही, हे ऋचाने पक्कं ठरवलं होतं. पण तिच्या कुत्रीला, रेवडीला, हे कोण सांगणार? फिरून परतताना पट्टा हिसडून ती थेट डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरली आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पसरली.

"हिला लस द्यायची नाहीये," ऋचा धापा टाकत म्हणाली.

"बरं... पण बूट तरी सोडवून द्या माझा."

डॉक्टर रक्षित हसला की त्याचे डोळेही हसायचे. हे आपल्या लक्षात का आलं, म्हणून ऋचाला स्वतःचाच राग आला.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात सगळ्या लशी एकदम टोचल्या होत्या. घरी पोचेपर्यंत रेवडीचं तोंड सुजून डोळे मिटले होते. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलेलं. काही जण म्हणत, लशीने काही होत नाही. काही म्हणत, लस म्हणजे विषच. ऋचा विषवाल्यांची पुढारी. पुण्याहून हेब्बाळच्या कंपनीत आल्यावर या कानडी गावात तिची म्हणावी अशी एक रेवडीच होती. तिला गमावायचं नव्हतं, बस्स!

"तुम्हीही म्हणा आता, काही होत नाही!"

"होतं की. सूज येते, गांधी उठतात. सुम्ने, उगाच खोटं कशाला सांगू?"

इतकं सरळ ऋचाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सूज मला उतरवता येते," तो म्हणाला. "पण पिसाळलेलं कुत्रं चावून रेबीज झाला, तर कुणालाच काही करता येत नाही. आज ती एकच लस देऊ. आधी ॲलर्जीचं औषध. आणि टोचल्यावर घरी जायचं नाही, इथंच बसायचं. मी पण बसतो."

ऋचाने रेवडीला घट्ट धरलं. "द्या."

मग दोघं पायरीवर बसले, मध्ये रेवडी. तिचं तोंड चाचपताना बोटं बोटांना लागत होती...

"मराठी छान बोलता."

"घरचंच आहे. आम्ही इथले जुने मराठी शिंपी. अप्पा बन्नीमंटपला कपडे शिवतात. तुमच्यासारखं शुद्ध नाही, हसू नका."

"हसत नाहीये... ऐकतेय."

तेवढ्यात रेवडीच्या डोळ्यावर सूज चढली. रक्षितने लगेच इंजेक्शन दिलं. "बघत राहा. मी आहे की, अल्वा? हो ना?"

शिबिराची टेबलं उचलली गेली तरी तो हलला नाही. दुपारपर्यंत सूज उतरली आणि रेवडीने शेपटी हलवली. ऋचाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ग्रुपवर काय सांगणार?"

"झालं तेच. सूज आली, उतरली. पुढची लसही देणार."

"पुढची महिन्याने," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला होता.

ऋचाने मान वर केली. मनात आलेलं गिळून टाकणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"लस महिन्यानेच द्या. पण मला तुम्हाला उद्या भेटायचंय. आवडलात तुम्ही मला."

रक्षितचे कान लाल झाले.

"उद्या... दवाखाना आठला बंद होतो," तो अडखळला. मग सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "सातलाच करतो."